टोफू कुरकुरीत हवा असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त

माझी सगळी नोकरी ओलावा मोजण्यात गेली. धान्य, पेंड, कसली कसली भुकटी, प्रयोगशाळेत जे येईल ते आधी तोलायचं, भट्टीत वाळवायचं, पुन्हा तोलायचं आणि दोन वजनांतला फरक वहीत मांडायचा. ३३ वर्षं हेच केलं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. मग मुलीने दूध आणि अंडी सोडली, घरात टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, आला आणि मी पुन्हा वजनकाटा पुढ्यात घेऊन बसलो.

पहिल्यांदा केला तेव्हा पाकीट फोडलं, पाणी ओतून दिलं, चौकोनी फोडी केल्या आणि थेट तापल्या तेलात सोडल्या. पुढचं अर्धं मिनिट मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभा होतो, कारण आत उभं राहायची सोय नव्हती. उजव्या मनगटावर त्या दिवसाच्या दोन खुणा अजून आहेत. तडतड थांबल्यावर फोडी काढल्या तर वरून फिकट पिवळ्या, आतून ओल्या. ताटलीत पाच मिनिटं राहिल्या आणि पार सादळल्या, ओल्या स्पंजाला तेल चोपडावं तशा. मुलीने दोन खाल्ल्या आणि म्हणाली, "चांगलं झालंय बाबा." तो स्वर माझ्या ओळखीचा आहे. लहानपणी मी तिच्या वेण्या घालायचो तेव्हाही ती असंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. तेव्हापासून आजवर पन्नासेक ठोकळे तळून झाले असतील, आणि माझं मत पक्कं झालंय की टोफू तळणं हा तेलाचा विषयच नाही, पाण्याचा आहे. तेलाचं काम शेवटच्या आठ-दहा मिनिटांचं. बाकी सगळा वेळ पाणी काढण्यात आणि काढलेलं पाणी परत येऊ न देण्यात जातो.

हे असं का, ते एकदा सांगतो, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी पाठ करावी लागणार नाही. सोयाबीनच्या दुधात मॅग्नेशियम क्लोराइड (जपानी लोक ज्याला निगारी म्हणतात त्यात मुख्यतः हेच असतं) किंवा कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम घातलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि दूध फाटून घट्ट होतं. ते साच्यात दाबून पाणी काढलं की टोफू. पण दाबूनही पाणी काही सगळं जात नाही. प्रथिनांची ती एक बारीक जाळी असते आणि जाळीच्या घराघरात पाणी बसलेलं असतं. चांगल्या कडक टोफूतही वजनाने ७० ते ८५ टक्के पाणीच असतं. आता असा तुकडा तेलात गेला की पृष्ठभागावरचं पाणी उकळायला लागतं, आणि जोवर ते उकळतंय तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर सरकत नाही. खरपूस रंग यायला मात्र १४० अंशांच्या आसपास पोचावं लागतं. त्यात पाण्याची वाफ करायला उष्णताही प्रचंड लागते. शून्य अंशावरचं पाणी उकळीला आणायला जितकी लागते, तिच्या पाचपटीहून जास्त. म्हणजे तुम्ही गॅस जाळत बसता, तेल तापत बसतं, आणि सगळी मेहनत पाणी खातं.

कोणता टोफू घ्यायचा हे त्यामुळे आपोआप ठरतं. पाकिटावर 'फर्म' किंवा 'एक्स्ट्रा फर्म' लिहिलेलं असावं. पाकिटावरून अंगठ्याने दाबून बघा. मऊ उशीसारखा दबला तर ठेवून द्या, खोडरबरासारखा जरा विरोध करत असेल तर घ्या. निर्वात पाकिटातला, ज्यात सुटं पाणी जवळजवळ नसतं, तो पाण्यात तरंगणाऱ्यापेक्षा सहसा घट्ट निघतो. 'सिल्कन' म्हणून मिळतो तो दाबलेलाच नसतो, डब्यातच दह्यासारखा लावलेला असतो आणि त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मी एकदा तोही तळायला घेतला. तेलात ढग झाले. झाऱ्यात काही आलंच नाही. सिल्कन टोफू तळणारे लोक आहेत, जपानी आगेदाशी हा पदार्थ त्याचाच, पण त्यांचा हात वेगळा आहे आणि त्यांना ते कवच शेवटी रश्शात भिजवायचंच असतं. सुरुवात तिथून करू नका.

पाणी काढणं

इथे घाई करणाऱ्याचं पुढे काही होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक लोक अख्खा ठोकळा फडक्यात गुंडाळतात आणि वर वजन ठेवतात. मीही ठेवत होतो. ४०० ग्रॅमचा ठोकळा अर्ध्या तासाने तोलला तर ३७१ भरला. मग दुसऱ्या दिवशी तसाच ठोकळा आधी आडवा कापून दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या केल्या आणि त्या एका थरात मांडून दाबल्या. तेवढ्याच वेळात ३४४. फरक कशाचा, तर अंतराचा. मधल्या पाण्याला बाहेर यायला अख्ख्या ठोकळ्यात लांबचा रस्ता, चकतीत जवळचा. म्हणून आधी कापा, मग दाबा.

मांडणी अशी. ओट्यावर जुना, धुतलेला सुती पंचा चौघडी करून अंथरायचा. त्यावर चकत्या, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा. वरून पंचाची दुसरी बाजू. त्यावर सपाट पाट किंवा चिरायची फळी आणि फळीवर दोन किलोच्या आसपास वजन. मी दोन लिटरची पाण्याची बाटली आडवी ठेवतो. एकदा उत्साहाने पाच किलोचा डबा ठेवला तर चकत्यांच्या कडा फाटल्या आणि मधून तडे गेले. अर्धा तास पुरतो. तासभर ठेवून पाहिलं तर आणखी जेमतेम आठ ग्रॅम गेले, तेवढ्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासात गेलेले ५६ ग्रॅम म्हणजे जवळजवळ चार मोठे चमचे पाणी. एवढं पाणी कुणी मुद्दाम तेलात ओतेल का? पण न दाबता तळतो तेव्हा आपण तेच करत असतो.

दुसरी रीत ऐकली तेव्हा मी हसलो होतो. टोफू कोरडा करायचा म्हणून तो पाण्यात बुडवायचा, आणि तेही उकळत्या. लिटरभर पाण्याला खळखळून उकळी आणायची, त्यात दीड मोठा चमचा मीठ, गॅस बंद, फोडी आत, पंधरा मिनिटं. मग निथळून पंचावर पसरायच्या. उष्णतेने बाहेरच्या अंगाची प्रथिनं आवळली जातात आणि तिथलं पाणी बाहेर ढकलतात. शिवाय फोडी गरमच बाहेर येतात, त्यामुळे पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन आपलं आपणच उडून जातं. दहा मिनिटांनी बोट लावलं तर फोड कोरडी लागते, नुसती थंड पुसलेली फोड लागते त्याहून कितीतरी कोरडी. आणि मीठ थोडं आत गेलेलं असतं, जे दाबण्याने होत नाही. या रीतीने वजन दाबण्याइतकं उतरत नाही, पण जिथलं पाणी अडचण करतं तिथलं, म्हणजे वरच्या थरातलं, नेमकं जातं.

मग कोणती रीत बरी? दाबलेला टोफू आतून घट्ट लागतो, दाताला काम देतो. मीठपाण्यातला आतून लुसलुशीत राहतो आणि बाहेरच्या कुरकुरीत कवचाशी त्याचा विरोध छान वाटतो. मला दुसरा आवडतो, मुलीला पहिला. घरात तिचंच चालतं.

तिसरी रीत फुरसतीची. ठोकळा फ्रीझरमध्ये रात्रभर टाकून द्यायचा. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि प्रथिनांच्या जाळीत मोठी भोकं पाडतो. गोठलेला टोफू पिवळट दिसतो, घाबरू नका, बिघडलेला नसतो, वितळला की रंग परत येतो. पूर्ण वितळू द्यायचा आणि मग दोन तळहातांत धरून स्पंज पिळावा तसा पिळायचा. पाण्याची धार लागते. असा टोफू चिवट, सच्छिद्र होतो आणि त्यात मसाला आतपर्यंत मुरतो. फक्त सच्छिद्र झाल्यामुळे तेलही जास्त धरतो, म्हणून तो बुडवून तळण्यापेक्षा तव्यावर कमी तेलात करावा.

पाणी निघालं की फोडी करायच्या (मीठपाण्याच्या रीतीत त्या आधीच केलेल्या असतात). साधारण दोन सेंटिमीटरच्या. त्याहून लहान केल्या तर आत काही उरतच नाही, नुसती कवचं खाल्ल्यासारखं होतं. सुरीऐवजी हाताने तोडल्या तर आणखी छान. तोडलेल्या फोडीला खडबडीत कडा, खाचा, टोकं येतात आणि पीठ तिथे जाऊन बसतं. तळल्यावर तीच टोकं सगळ्यात आधी खरपूस होतात. पाहुणे असले की मी सुरी वापरतो, एरवी हात. मग प्रत्येक फोडीला एकदा कोरड्या फडक्याने टिपायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. टिपकागद दाबून उचलल्यावर त्यावर ओला डाग उमटला नाही म्हणजे झालं.

पिठाचं कवच

नुसता टोफूही तळता येतो. जपान्यांचा आत्सुआगे तसाच असतो, जाड ठोकळा, वर सोनेरी कातडी आणि आत पांढरा मऊ टोफू. पण त्या कातडीला कुरकुरीत म्हणण्यापेक्षा चामट म्हणणं योग्य. दातांखाली आवाज हवा असेल तर स्टार्च लागतो.

घरात सहज मिळतो तो कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचा स्टार्च. टोफूच्या अंगचा राहिलेला ओलावा तो शोषतो, तेलात गेल्यावर तो ओलावा आणि उष्णता मिळून स्टार्च शिजतो, त्याची पातळ खळ होते, आणि मग त्या खळीतलं पाणी उडून गेलं की उरतं ते कडक, ठिसूळ कवच. मैद्यातही स्टार्च असतो, पण सोबत ग्लुटेन तयार करणारी प्रथिनं असतात. मैद्याचं कवच गरम असताना ठीक, दहा मिनिटांनी नरम. बटाट्याचा स्टार्च मिळाला तर जरूर वापरा, त्याचं कवच हलकं, काचेसारखं होतं. नुसतं तांदळाचं पीठ लावलं तर कवच कडक आणि जरा रवाळ होतं. मी वहीत सहा जोड्या लिहून ठेवल्या होत्या, त्यातून टिकली ती दोन भाग कॉर्नफ्लोअर आणि एक भाग तांदळाचं पीठ. ४०० ग्रॅमच्या ठोकळ्याला सगळं मिळून तीन ते चार मोठे चमचे पुरतं. त्यात अर्धा छोटा चमचा मीठ (टोफू मीठपाण्यात बुडवला असेल तर चिमूटभरच), भरपूर मिरपूड, वाटल्यास लाल तिखट.

पीठ लावायच्या आधी फोडींवर एक छोटा चमचा सोया सॉस आणि एक छोटा चमचा तेल टाकून हलक्या हाताने फिरवतो. आत्ता एवढं पाणी काढलं आणि पुन्हा ओलं का करायचं, असं मुलीने विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. पण अगदी ठणठणीत कोरड्या फोडीला पीठ धरतच नाही, झटकलं की पडतं. चमचाभर ओलावा गोंदासारखा लागतो. चमचाभरच. एकदा मी चव खोल जावी म्हणून साखर घातलेल्या सोया सॉसमध्ये फोडी रात्रभर बुडवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तेलात टाकल्यावर दोन मिनिटांत कोळशासारख्या काळ्या आणि आतून तशाच ओल्या. साखर आधी जळते, पाणी नंतर उडतं, अशी ती गंमत. चवीचं काय ते तळल्यानंतर.

पीठ दोन हप्त्यांत घालायचं. पहिल्यांदा निम्मं घालून फोडी वरखाली करायच्या, ते जिरून चिकट दिसायला लागलं की उरलेलं. आमची ही झाकणाच्या डब्यात सगळं घालून डबा हलवते. काम भराभर होतं, पण फोडींचे कोपरे मोडतात, म्हणून मी हाताने करतो. ती म्हणते, रिटायर माणसाला वेळच वेळ. शेवटी फोडी चाळणीत घेऊन दोनदा आपटायच्या. सुटं पीठ तेलाच्या तळाशी जाऊन करपतं आणि दुसऱ्या घाण्याला काळे ठिपके येतात. आणि पीठ लावलं की थांबायचं नाही. पंधरा मिनिटं ठेवलंत तर पीठ पाणी ओढून चिकट होतं आणि सगळ्या फोडी एकमेकींच्या गळ्यात पडतात. तेल आधी तापत ठेवा, मग पीठ लावा.

तेल

तेल रिफाइंड, वास नसलेलं, जास्त तापमान सोसणारं. भाजलेल्या तिळाचं तेल तळायला नको, त्याचा सुवास जळून जातो, ते शेवटी थेंबभर वरून. कढईत निदान चार सेंटिमीटर खोल तेल हवं आणि वर तेवढीच जागा मोकळी हवी, कारण फोडी पडल्यावर तेल फेसासारखं वर चढतं.

तापमान १७५ ते १८० अंश. माझ्याकडे थर्मामीटर आहे, अर्थातच. नसेल तर लाकडी उलथन्याचा कोरडा दांडा तेलात टेकवा. भोवती लगेच बारीक बुडबुड्यांची माळ धरली तर तेल तयार. एखाददुसरा आळशी बुडबुडा आला तर अजून वेळ आहे. तेलातून धूर निघाला तर फार झालं, गॅस बंद करून निवू द्या.

घाणे पाडून तळायचं. सगळ्या फोडी एकदम टाकल्यावर १८० चं तेल १३८ वर आलेलं मी मोजलंय, आणि ते पुन्हा वर चढेपर्यंत फोडी उकडल्यासारख्या होतात. तेच तीन घाण्यांत केलं तेव्हा १६४ च्या खाली गेलं नाही. फोडी तेलाच्या अगदी जवळ नेऊन, आपल्यापासून लांबच्या बाजूला घसरवायच्या, वरून टाकायच्या नाहीत. पाण्याच्या थेंबाची वाफ होते तेव्हा तिचं आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. माझ्या मनगटावरच्या खुणा त्याच्याच.

आणि मग एक मिनिट हात मागे. झारा घालायचा नाही, ढवळायचं नाही, कढई हलवायची नाही. मला हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. या वेळी पिठाची खळ झालेली असते, तिला हात लावला की ती सोलून निघते आणि झाऱ्याला लागते. मिनिटा-सव्वा मिनिटाने कवच धरलं की फोडी मोकळ्या होऊन तरंगतात. दोन एकमेकींना चिकटल्याच असतील तर त्या वेळी टोकाने हलकेच सोडवायच्या.

किती वेळ तळायचं? घड्याळाने सांगायचं तर पहिल्यांदा चार ते पाच मिनिटं. पण घड्याळाबद्दल माझं मत बदललं त्याचीही एक गोष्ट आहे. मी कढईपाशी टायमर लावून बसलो होतो. ही बाहेरच्या खोलीत उशांना अभ्रे घालत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, काढा आता." टायमरवर अजून ४० सेकंद होते. मी हट्टाने थांबलो आणि फोडी गरजेपेक्षा गडद झाल्या. विचारलं, तुला तिकडून कसं कळलं? म्हणाली, "पाऊस थांबत आला की पागोळ्या वेगळ्या ऐकू येतात ना, तसं."

नंतर मी डोळे मिटून ऐकून पाहिलं. फोडी पडल्या पडल्या आवाज दाट असतो, मुसळधार, त्यात सुटा असा काही आवाज नसतो. बुडबुडे मोठे आणि गर्दीने येतात. तीनेक मिनिटांनी तो विरळ व्हायला लागतो. मग मधेमधे टिचक्या मारल्यासारखा सुटा सुटा, बारीक आवाज, बुडबुडेही लहान आणि मोजता येतील इतके. प्रत्येक बुडबुडा म्हणजे फोडीतून निघालेली वाफ, म्हणजे पाणी. आवाज उतरला याचा अर्थ कवचातलं पाणी संपत आलं. ३३ वर्षं मी जे भट्टी आणि काटा घेऊन मोजत होतो ते ही अभ्रे घालता घालता मोजत होती. हे मी तिला अजून बोलून दाखवलेलं नाही.

या टप्प्याला रंग फिकट सोनेरीच असतो. फोडी काढून जाळीवर ठेवा. कागदावर नको, निदान कागदावर पसरून सोडू नका. खालची बाजू कागदाला टेकली की तिथली वाफ अडकते आणि तो एक चेहरा सादळतो. भांड्यावर उलटी ठेवलेली चाळणीही चालते. पाचेक मिनिटं तशाच राहू द्या. तेवढ्यात आतला ओलावा कवचाकडे सरकतो आणि फोडी जरा नरम पडतात. पडू द्या, ते हवंच आहे. आता तेल १९० पर्यंत तापवून फोडी पुन्हा आत, मिनिट ते दीड मिनिट. या वेळी सगळ्या एकदम टाकल्या तरी चालतं, पाणी थोडंच उरलेलं असतं. दुसऱ्या तळणाने तो बाहेर आलेला ओलावाही उडतो, रंग चढतो आणि कवच असं होतं की चिमट्याने टोकलं तर टक्क वाजतं. दोनदा तळायची कल्पना काही माझी नाही. जपानी आबुराआगेच्या पातळ चकत्या आधी मंद आणि मग कडक तेलात अशाच दोनदा तळतात. तिथे हेतू त्या फुगवायचा असतो, आपला कवच वाळवायचा.

काढल्यावर ढीग करू नका आणि झाकण तर अजिबात ठेवू नका. एकदा जेवायला उशीर होणार म्हणून मी डब्यात भरून घट्ट झाकण लावलं. अर्ध्या तासाने झाकणाला आतून पाण्याचे थेंब आणि खाली गोळा. दिवसभराची मेहनत त्या झाकणाने घालवली.

एवढं तेल काढायचं नसेल तर तव्यावर करा. बिडाचा जाड तवा किंवा नॉनस्टिक, तळाला अर्धा सेंटिमीटर तेल, मध्यम आच. फोडींपेक्षा चकत्या सोयीच्या. प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं. चकती उलथन्याला सुटत नसेल तर ती अजून झालेली नाही, ओढू नका, झाली की स्वतःच सुटते. ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास आणि मधे एकदा उलटून, किंवा एअर फ्रायरमध्ये तेवढ्याच तापमानाला १२ ते १५ मिनिटं, दोन्ही करता येतं. पीठ लावल्यावर त्यावर चमचाभर तेल चोळायला मात्र विसरू नका, नाहीतर पांढरं कोरडं पीठ तसंच राहतं. चांगलं होतं, पण मला विचाराल तर तो वेगळा पदार्थ आहे.

कढईतल्या तेलाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी कधीही ओतू नका. गॅस बंद करा, धातूचं झाकण सरकवून लावा आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका.

सॉस

एवढं पाणी घालवून शेवटी पातळ सॉसमध्ये फोडी बुडवायच्या, तर मग आधीचा उपद्व्याप कशाला केला? सगळ्यात सुरक्षित म्हणजे सॉस वाटीत वेगळा द्या. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक व्हिनेगर, एक छोटा चमचा साखर, किसलेली लसूण, बारीक चिरलेली मिरची, दोन थेंब तिळाचं तेल. खाणारा बुडवेल आणि खाईल.

फोडींना लावायचाच असेल तर आटवून लावा. तेलात लसूण आणि आलं परतायचं, त्यात वरचंच मिश्रण, साखर जरा वाढवून, आणि मध्यम आचेवर आटवायचं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती भरून आली नाही की झालं. गॅस बंद. मग फोडी घालून अर्ध्या मिनिटात सगळीकडून फिरवायच्या, वर तीळ आणि कांद्याची पात. घट्ट, साखरेचा सॉस कवचावर पातळ थर धरतो आणि आत शिरायला वेळ लावतो. तो वेळ साधारण पंधरा मिनिटांचा, म्हणून पानं मांडून, माणसं बसल्यावरच फोडी सॉसमध्ये. आमच्याकडे मुलीला हाक मारली की ती "आले" म्हणते आणि दहा मिनिटांनी येते, त्यामुळे मी आधी तिला येऊन बसू देतो.

उरलेल्या तळलेल्या फोडी थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि खायच्या वेळी ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर पाच-सहा मिनिटं, नाहीतर कोरड्या तव्यावर. मायक्रोवेव्ह नको, तो आतल्या पाण्याची वाफ करतो आणि ती कवचातच अडकते. फोडलेल्या पाकिटातला कच्चा टोफू उरला तर डब्यात बुडेल इतक्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, तीन-चार दिवसांत संपवा. आंबूस वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागला तर टाकून द्या. तेल थंड झाल्यावर पातळ फडक्यातून गाळा. तळाशी जमलेला पिठाचा काळा गाळ तेलात राहू देऊ नका, पुढच्या वेळी तेल लवकर काळं पडतं ते त्यानेच.